सुईचं नेढं टोकाला का गेलं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप अधूनमधून उगवतो: सरकारकडून सर्व महिलांना फुकट शिलाई मशीन, खालच्या लिंकवर नाव नोंदवा. यंदा तो नेमका नवरात्राच्या तोंडावर आला. बडोद्यात या दिवसांत मंगळबाजारात चणियाचोळीचे ढीग लागलेले असतात आणि शिंप्याकडे मात्र एकच उत्तर मिळतं, "दशेरा पछी आवो." दसऱ्यानंतर चणिया घेऊन करायचं काय, हे विचारायची कोणाची हिंमत होत नाही.

त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या बेनपासून माझ्या भाचीपर्यंत चार जणींनी मला विचारलं, की मशीन घ्यावं का. घरी सासूबाईंचं पायाचं काळं मशीन आहे आणि मी त्यावर तीस वर्षं शिवते, एवढंच माझं भांडवल. मी प्रत्येकीला उलट विचारलं, "हाताने हेम घालता येते का?" चौघींचं उत्तर एकच: "हाताने यायचं असतं, तर मशीन कशाला विचारलं असतं?"

गोंधळ इथेच आहे. मशीन म्हणजे हातशिलाईचा वेग वाढवणारं यंत्र, असं सगळ्यांना वाटतं. तसं ते नाही. हाताचा टाका आणि मशीनचा टाका या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एकदा समजलं की मशीनच्या निम्म्या तक्रारी आपल्याआपण सुटतात. निरोपातल्या लिंकचं शेवटी बघू.

## दोन सुया शेजारी ठेवा

घरातली हाताची सुई आणि मशीनची सुई घ्या. हाताच्या सुईचं नेढं, म्हणजे दोरा ओवायचं भोक, बोथट टोकाला असतं. मशीनच्या सुईचं नेढं अणीच्या अगदी जवळ.

हाताची सुई कापडातून आरपार जाते. पुढे सुई, मागून दोऱ्याची अख्खी शेपटी. दोरा एकच असतो आणि तो कापडाच्या वरून-खालून नागमोडी चालत राहतो. मशीनची सुई कधीच आरपार जात नाही. ती वरून कापडात डोकं खुपसते आणि आल्या वाटेने परत येते. आता विचार करा, विहिरीत दोर सोडला आणि तसाच वर ओढून घेतला, तर हाती काय लागणार? काहीच नाही. खाली कोणीतरी त्या दोराला काहीतरी अडकवायला हवं. मशीनमध्ये तो खालचा माणूस म्हणजे बॉबिन: सुईखालच्या डबीत बसणारी, दोरा गुंडाळलेली छोटी चकती.

म्हणजे हाताचा टाका एका दोऱ्याचा, मशीनचा दोन दोऱ्यांचा. वरचा रिळाचा, खालचा बॉबिनचा. दोघं कापडाच्या जाडीत मध्येच एकमेकांत अडकतात आणि आपापल्या बाजूला परत फिरतात.

हे हाताने करून बघता येतं, आणि मशीनला हात लावण्याआधी मी प्रत्येकीला ते करायला लावते. मशीनची जुनी सुई घ्या, लाल दोरा ओवा. जाड सुती कापडाची दुहेरी घडी घालून सुई वरून टोचा, नेढं खाली पूर्ण दिसेपर्यंत. मग सुई जेमतेम दोन मिलिमीटर वर ओढा, त्याहून जास्त नाही. कापड दोऱ्याला घट्ट धरून ठेवतं, सुई मात्र वर सरकते, आणि सुईच्या एका अंगाला दोऱ्याचा छोटासा फुगा येतो. त्या फुग्यातून टाचणीने पांढरा दोरा सरकवा आणि सुई वर काढून घ्या. लाल दोरा खाली पांढऱ्याला धरून बसलेला दिसेल. हा मशीनचा एक टाका झाला. मशीन हेच करतं, फक्त टाचणीच्या जागी एक अणकुचीदार आकडा असतो. तो फुगा पकडतो आणि बॉबिनच्या डबीभोवती फिरवून सोडतो. डबी दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरीसारखी त्या फासातून पार होते.

फुगा नेमक्या क्षणी आणि नेमक्या जागी यावा लागतो. म्हणूनच मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा असतो, ती भलत्या दिशेने बसू नये म्हणून. सुईच्या एका अंगाला लांब खोबण असते. दोरा त्याच बाजूने ओवायचा, चपटी बाजू त्याच्या उलट. उलटी बसवली की आकड्याच्या हाती फुगा लागत नाही, आणि मशीन टकटक करत नुसती भोकं पाडत जातं. बाई म्हणते, मशीन बिघडलं.

## हे सुचायला एवढा वेळ का लागला

माणूस हजारो वर्षं शिवतो आहे, पण मशीनची सुई एकोणिसाव्या शतकातली. अडचण हीच होती: सुरुवातीचे कारागीर माणसाच्या हाताची नक्कल करणारं यंत्र शोधत होते, आणि आरपार जाणारी सुई यंत्राला पेलत नाही. फ्रान्समधल्या थिमोनिए नावाच्या शिंप्याने 1830 च्या सुमाराला एका दोऱ्याचा साखळी टाका घालणारं यंत्र चालवून दाखवलं. पॅरिसच्या शिंप्यांनी पोट जाईल या भीतीने त्याची यंत्रं फोडून टाकली. अमेरिकेत वॉल्टर हंटने 1830 च्या दशकात टोकाला नेढं असलेली सुई आणि दुसरा दोरा अशी जोडी जमवली, पण पेटंट घेतलं नाही. याच हंटने 1849 मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं, म्हणजे साडीच्या निऱ्यांना आपण रोज त्याचीच आठवण टोचतो. दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट 1846 मध्ये ईलायस हाउने मिळवलं. सिंगरचं पेटंट 1851 चं. नाव सिंगरचं झालं, पण हाउने त्याला कोर्टात खेचून स्वामित्वधन वसूल केलं.

यंत्रांविरुद्ध एवढं बोलणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. आजवर लागलेल्या मोजक्या उपयोगी शोधांत त्यांनी ते धरलं. आणि आमच्या बडोद्यात महाराणी चिमणाबाईंनी 1914 मध्ये स्त्री उद्योगालय काढलं, तेव्हापासून इथल्या कितीतरी मराठी घरांत शिवण ही नुसती हौस न राहता मिळकत झाली.

## साखळी टाका आणि गव्हाची गोणी

दोन दोरे कशाला, एकाने भागत नाही का? भागतं. गव्हाच्या गोणीचं तोंड आठवा. एका बाजूचा बरोबर दोरा सापडला की सर्रकन सगळी शिवण उसवते. चुकीच्या बाजूने ओढलं तर कात्री घ्यावी लागते. तो साखळी टाका. प्रत्येक फास पुढच्या फासावर टेकलेला, शेवटचा सुटला की सगळे रांगेने सुटतात. गोणीला हे सोयीचं, पोलक्याला नाही. दोन दोऱ्यांच्या टाक्यात प्रत्येक अडकण स्वतंत्र, त्यामुळे मध्ये दोरा तुटला तरी दोन-चार टाके ढिले होतात, अख्खी शिवण सुटत नाही.

त्याची किंमत दोऱ्यात मोजावी लागते. एक मीटर टीप मारायला वरचा-खालचा मिळून साधारण अडीच मीटर दोरा जातो. चणियाचा घेर नऊ मीटर असेल तर खालच्या एकाच टिपेला बावीस-तेवीस मीटर. बॉबिन भरून बसावं.

## "मशीन बिघडलं" म्हणजे बहुतेक वेळा काय

मागच्या वर्षी दुसऱ्या माळेला संध्याकाळी भाचीचा फोन. "मावशी, संचो बगडी गयो!" मराठी मुलगी, पण घाबरली की तिला गुजरातीच सुचतं. जाऊन पाहिलं तर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं चिमणीचं घरटं झालेलं. तिने सगळा दोष बॉबिनला दिला होता आणि डबीचा स्क्रू फिरवून फिरवून पार सैल केला होता.

इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे: घरटं खाली दिसतं, पण चूक वर असते. दोन माणसं दोरीखेच खेळताहेत असं समजा, मध्ये कापड. वरच्याने दोर सोडला तर सगळा दोर खालच्याकडे जमा होणार. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमधून जातो. चकत्यांनी तो दाबून धरला नाही, तर आकडा हवा तेवढा दोरा खाली ओढत राहतो. चकत्या दोरा का धरत नाहीत? कारण तो ओवताना दाबपट्टीचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा तो धातूचा बूट, खाली होता. पाय खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा आत न शिरता वरच तरंगत राहतो. पाय वर करून दोरा पुन्हा ओवला. घरटं गायब. मग सैल केलेला स्क्रू जागेवर आणण्यात मात्र अर्धा तास गेला.

ताण बघायची माझी रीत साधी आहे. वर लाल रीळ, बॉबिनमध्ये पांढरा दोरा. दुहेरी सुती चिंधीवर वीतभर टीप मारायची. वरून फक्त लाल आणि खालून फक्त पांढरं दिसलं, तर दोरीखेच बरोबरीत आहे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, तो थोडा सैल करा. खाली लाल फास दिसले तर वरचा ताण कमी. आधी नेहमी वरचाच ताण बदलायचा. खालच्या डबीला शेवटी हात, तोही स्क्रूच्या पाव फेऱ्याहून कमी. डबीचा अंदाज घ्यायचा तर बॉबिनसकट ती दोऱ्याने लटकवा. ती धपकन खाली येता कामा नये. हलकासा झटका दिला की बोटभर उतरावी आणि थांबावी.

उरलेल्या तक्रारी भरभर सांगते. सुई पुन्हा पुन्हा मोडत असेल तर तुम्ही कापड ओढताय. कापड पुढे नेणं हे सुईखालच्या दात्यांचं काम आहे, आपल्या हातांनी फक्त दिशा दाखवायची. ओढलं की सुई वाकते आणि खालच्या पत्र्यावर आपटते. सुरुवातीलाच दोरा नेढ्यातून निसटत असेल, तर दोन्ही दोऱ्यांची चार बोटं शेपटी पायाखालून मागे ठेवा, आणि थांबताना दोरा ओढणारी कडी (सुईच्या वर जी वर-खाली होत राहते ती) सगळ्यात वर असू द्या. टाके सुटत असतील तर सुई बदला. बोथट सुई डोळ्यांना दिसत नाही, पण कापडातून जाताना टप-टप असा आवाज करते. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल अणीची सुई लागते, ती विणीचे धागे न तोडता बाजूला सारते. आणि पायाचं मशीन उलटं फिरलं तर दोरा तुटतो, म्हणून चाक आधी हाताने आपल्याकडे फिरवून मगच पाय चालवा. सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. मी पहिले दोन दिवस दोरा न ओवता, वहीच्या रेघी कागदावर रेषेरेषेने मशीन चालवत होते. सासूबाईंनी त्याशिवाय कापडाला हातच लावू दिला नाही.

तेल मशीनचंच. खोबरेल घातलं की काही महिन्यांत ते चिकट होऊन बसतं आणि पायाला वाटतं आपण उसाचा चरक चालवतोय.

## मग हाताने कशाला शिकायचं?

कारण मशीनचा टाका दोन्ही बाजूंना दिसतो आणि कापडाला ताठ करतो. साडीचा फॉल आठवा. फॉलची वरची कड मशीनने शिवली तर निऱ्यांवर आडवी रेघ उमटते आणि साडी तिथे दुमडते. हाताची हेम, हिंदी-गुजरातीतली तुरपाई, कापडाचे जेमतेम एक-दोन धागे उचलते. सुलट बाजूला काही दिसत नाही, आणि दोरा किंचित सैल ठेवल्यामुळे कापड मोकळं पडतं. (सुती फॉल आधी भिजवून वाळवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि काठाला फुगे येतात.)

हाताचे टाके फार नाहीत. धावदोरा सगळ्यांना येतो: सुई वर-खाली, सरळ पुढे. गोधडीचा तोच. लांब-लांब आणि सैल घातला की तो कच्चा टाका. मशीनआधी दोन कापडं जागेवर धरून ठेवायला तो घालतात आणि मग उसवून टाकतात. नवशिक्या बाया नेमका हा टाळतात आणि मग दोन बाह्या दोन लांबीच्या निघतात. मशीनवर खालचा थर दाते पुढे ओढतात, वरचा पायाखाली जरा मागे राहतो. मध्ये कच्चा टाका नसेल तर शेवटी वरचं कापड बोटभर जास्त उरणारच.

बटणाला एक काडेपेटीची काडी पुरते. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडी ठेवून टाके घाला, मग काडी काढून त्या ढिल्या दोऱ्यांभोवती दोरा गुंडाळा. काजाच्या पट्टीची जाडी मावायला जागा राहते. घट्ट शिवलेलं बटण आधी कापड फाडतं, मग तुटतं.

दोरा बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, फार तर थोडा जास्त. "सारखं ओवायला नको" म्हणून दोन-तीन हात लांब घेतला तर गुंता होतोच, शिवाय तो नेढ्यातून आणि कापडातून इतक्यांदा घासला जातो की शेवटचे टाके विरलेल्या दोऱ्याचे असतात.

## "पण हाताची शिलाई कच्चीच असते"

धावदोऱ्याची असते. एका जागी तुटला की दोन्हीकडून सरकायला मोकळा. पण उलटा टाका, ज्याला इथले शिंपी बखियो म्हणतात, तो वेगळा. सुई वर काढायची, एक पाऊल मागे टोचायची, खालून दोन पावलं पुढे येऊन पुन्हा वर. वरून तो मशीनच्या टिपेसारखा दिसतो, खाली दोरा एकावर एक चढलेला असतो. प्रत्येक टाका आधीच्याला मागून धरून ठेवतो, म्हणून ओढ सहन करतो.

भाचीच्या चणियाचंच पाहा. घरटं सोडवून मशीन चालू होईपर्यंत पावणेआठ वाजले होते, मैत्रिणी खाली स्कूटरवर बसलेल्या. नाडीचा नेफा एका बाजूला चार बोटं फाटलेला, आणि खालची कड वीतभर उसवलेली. मी नेफ्याला दुहेरी दोऱ्याने उलटा टाका घातला, कारण नऊ मीटर कापड आणि आभल्यांचं, म्हणजे आरशाच्या टिकल्यांचं, वजन तिथे लटकतं. कडेला एकेरी दोऱ्याने हेम घातली, कारण तिथे ओढ नाही, फक्त दिसायला नको. तेरा-चौदा मिनिटं लागली. रात्री दीडला ती परत आली तेव्हा दोन आभले गळाले होते, नेफा जागेवर होता.

## सुयांच्या नंबरांचा घोळ

दुकानात फसायचं नसेल तर एवढं पक्कं करा: मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. हाताच्या सुईचा नंबर वाढला की ती बारीक होते. कोणी ठरवलं देव जाणे, पण तसं आहे. मशीनच्या पाकिटावर 90/14 असं लिहिलेलं असतं. 90 म्हणजे 0.9 मिलिमीटर जाडी, 14 हा त्याच सुईचा दुसऱ्या पद्धतीचा नंबर. रोजच्या सुती कापडाला 14, तलम साडी-ओढणीला 11, जीन्सला 16 किंवा 18. टाक्याची लांबी साधारण अडीच मिलिमीटर, म्हणजे इंचाला दहा. चुण्या घालायच्या असतील तर ती चारच्या पुढे न्या, शेजारीशेजारी दोन टिपा मारा आणि खालचे दोन दोरे ओढा.

## आता ती लिंक

निरोपातल्या लिंकवर नाव, आधार, बँकखातं काही भरू नका. सगळ्या महिलांना सरसकट फुकट मशीन, अशा आशयाचे निरोप खोटे असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने पूर्वीच जाहीर केलेलं आहे. खरी योजना वेगळी आहे: 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा. तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत आणि शिंपीकाम त्यातलं एक. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते. पात्र ठरलात तर काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोजचे 500 रुपये, आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर. पुढे कमी व्याजाचं कर्जही आहे. पण ती स्वतःच्या हाताने हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, वय अठराच्या पुढे, आणि एका कुटुंबातून एकच जण. हौसेने चणिया शिवणाऱ्या माझ्यासारखीसाठी नाही.

स्वतःच्या पैशांनी घेत असाल तर पायाचं साधं मशीन घ्या, असं माझं मत. वेग पायाच्या ताब्यात राहतो आणि वीज गेली तरी काम अडत नाही. मोटर नंतर बसवता येते. शिंप्यांच्या दुकानातलं कारखानी मशीन बघून भुलू नका. ते मिनिटाला पाचेक हजार टाके घालू शकतं, घरगुती मशीन हजाराच्या आत. पहिल्या दिवशी त्या वेगाने फक्त बोट शिवलं जातं. शिवाय त्याची सुई गोल दांड्याची, ती घरच्या मशीनला चालत नाही.

दुकानात जाताना पिशवीत स्वतःची मऊ सुती चिंधी, एक तलम ओढणीचा तुकडा, आणि लाल-पांढरी अशी दोन रिळं टाका. दुकानदार टीप मारून दाखवतो ती त्याच्याकडच्या ताठ, खळ लावलेल्या कापडावर. त्या कापडावर सासूबाईंचं मशीनसुद्धा नव्यासारखं चालेल.